सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

हिंदुस्थानी संगीतातील दहा रागांच्या स्वरावली इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, डिस्को ठेक्याच्या साथीने वाजवून तयार केलेली एक भारतीय प्रायोगिक ध्वनिमुद्रिका. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी ती सिद्ध केली आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने १९८२ मध्ये ती प्रकाशित केली. शीर्षकाचा अर्थ ‘संश्लेषण : डिस्को ठेक्यावरील दहा राग’ असा होतो. तीत तबला व तानपुरा यांपैकी काहीही नाही. प्रकाशनाच्या वेळी ती दुर्लक्षित राहिली. सुमारे दोन दशकांनंतर एका विदेशी संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात तिची चर्चा होऊ लागली. ही चर्चा बहुधा ‘प्रथम कोण’ या प्रश्नाभोवती फिरते. रागाचे कोणते अंग यंत्राच्या स्वाधीन करता येते आणि कोणते करता येत नाही, या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व अधिक आहे.

पार्श्वभूमी : वाद्याच्या तारेचे, पडद्याचे किंवा हवेच्या स्तंभाचे कंपन हा ध्वनीचा परंपरागत उगम होय. इलेक्ट्रॉनिक संगीतात ध्वनीचा उगम विद्युत् मंडलात होतो व ध्वनिक्षेपकाच्या द्वारे तो श्रोत्यापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपातील नभोवाणी केंद्रांनी या संगीताच्या प्रयोगशाळा उभारल्या. पॅरिसमध्ये प्येअर शेफर यांनी १९४८ च्या सुमारास मुद्रित ध्वनींची जुळणी करून रचना केल्या. जर्मनीतील कोलोन येथे १९५० नंतरच्या वर्षांत शुद्ध विद्युत् जनित स्वरांवर भर देण्यात आला. इटलीत लुचानो बेरिओ व ब्रूनो मादेर्ना या संगीतकारद्वयाने १९५५ मध्ये मिलान नभोवाणी केंद्रात ध्वनिशास्त्रीय संगीताची प्रयोगशाळा स्थापन केली आणि या दोन्ही पद्धतींचा मेळ घातला. या सर्व ठिकाणी फिती कापून व जोडून रचना कराव्या लागत. काही मिनिटांच्या रचनेस महिनेही लागत. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये विद्युत् दाबाने नियंत्रित होणाऱ्या संश्लेषकाचा, म्हणजे सिंथेसायझरचा, आदिनमुना तयार केला. त्यामुळे हे संगीत प्रयोगशाळेतून वादकाच्या बोटांखाली आले. पुढे जॉर्जो मोरोडर या इटालियन संगीतकाराने १९७७ मध्ये डॉना समर या गायिकेसाठी केलेल्या एका गीताची साथ जवळजवळ संपूर्णपणे संश्लेषकावर बांधली. एकसारख्या आघातांचा डिस्को ठेका आणि त्याखाली अखंड फिरणारी मंद्र स्वरांची आकृती हा साचा तेव्हापासून जगभर रूढ झाला.

भारतात इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा पहिला मोठा परिचय चित्रपटसंगीताने करून दिला. १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटातील पुंगीचे प्रसिद्ध सूर प्रत्यक्षात पुंगीचे नव्हते. कल्याणजी वीरजी शाह यांनी ते क्लॅव्हायोलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजविले होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग संश्लेषक बसविण्यात आला. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तेथे रचना केल्या, परंतु त्या दीर्घ काळ संग्रहातच पडून राहिल्या. सतारवादक आनंद शंकर यांनी १९७० च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत सतारीसोबत मूग संश्लेषकाचा उपयोग केला. हिंदी चित्रपटांत संश्लेषक आणण्याचे श्रेय प्रामुख्याने केरसी लॉर्ड या पारशी वादकाकडे जाते. १९८० पर्यंत डिस्को संगीताची लाट मुंबईत पोहोचली होती. ‘कुर्बानी’ (१९८०) मधील नाझिया हसनचे गीत, तिची ‘डिस्को दीवाने’ (१९८१) ही ध्वनिमुद्रिका व बप्पी लाहिरी यांचे संगीत असलेला ‘डिस्को डान्सर’ (१९८२) ही या लाटेची ठळक उदाहरणे होत. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका याच लाटेत निघाली. तिचा मार्ग मात्र वेगळा होता.

वादक : चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदात १९६० पासून पुढील सुमारे दोन दशके काम करीत होते. गिटार, बास गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड हे अकॉर्डियनसारखे इलेक्ट्रॉनिक वाद्य आणि संश्लेषक अशी अनेक वाद्ये ते वाजवीत. नौशाद, सचिन देव बर्मन, शंकर–जयकिशन, लक्ष्मीकांत–प्यारेलाल व राहुल देव बर्मन या संगीतकारांकडे त्यांनी वादन केले. हवाईयन गिटारवर चित्रपटगीतांच्या धुनी वाजवून केलेल्या त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या.

त्या काळातील वाद्यवृंदाची व्यवस्था लक्षात घेतल्याशिवाय या ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप व तिचे पुढील भवितव्य ही दोन्ही नीट कळत नाहीत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गोमंतकीय, पारशी, पंजाबी, बंगाली व महाराष्ट्रीय वादक एकत्र बसत. संगीतकार चाल देत असे. सेबॅस्टियन डिसूझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांसारखे वाद्यवृंदरचनाकार ती स्वरलिपीत उतरवून निरनिराळ्या वाद्यांना वाटून देत. वादकाला दिवसाच्या कामाचा मोबदला मिळे, परंतु ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायक, गीतकार व संगीतकार एवढ्यांचीच नावे असत. गीताच्या आरंभीचे जे सूर श्रोत्याच्या तोंडी बसत, ते वाजविणाऱ्याचे नाव त्याला क्वचितच माहीत असे. वाद्यवृंदातील वादकाला स्वतःच्या नावावर काही करावयाचे असल्यास लोकप्रिय गीतांच्या धुनी वाजविणे हाच मार्ग बहुधा खुला होता. चरणजित सिंग यांनी तो अनेकदा अनुसरला. १९८२ मध्ये मात्र त्यांनी चित्रपटगीत बाजूला ठेवले आणि राग हा विषय घेतला.

वाद्ये व त्यांचे कार्य : या ध्वनिमुद्रिकेत रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरलेली आहेत. जुपिटर–८ हा संश्लेषक, टीआर–८०८ हे ताल निर्माण करणारे यंत्र आणि टीबी–३०३ हे मंद्र स्वरांची आकृती वाजविणारे यंत्र, अशी ती होत. तिन्ही त्या वेळी नुकतीच बाजारात आली होती. चरणजित सिंग यांनी ती घरी जुळवून पाहिली. ठेका डिस्कोचा ठेवावा, तबला वगळावा व वर राग वाजवावा, ही कल्पना त्यातून सुचली असे त्यांनी उत्तरायुष्यात सांगितले.

जुपिटर–८ हे १९८१ मधील वाद्य. त्यावर एकाच वेळी आठ स्वर वाजविता येतात. त्यातील आंदोलक हा विद्युत् मंडलाचा भाग करवतीच्या दात्यांसारखा किंवा चौकोनी आकाराचा तरंग उत्पन्न करतो. अशा तरंगात मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर भरपूर प्रमाणात असतात. त्यांपैकी नको असलेले उपस्वर छानक गाळून टाकतो आणि प्रवर्धक ध्वनीचा उठाव व लय ठरवितो. म्हणजे दगडातून अनावश्यक भाग काढून मूर्ती घडवावी तसा येथे नाद घडतो. कळ दाबून धरली असता त्या स्वरसमूहातील स्वर एकामागून एक आपोआप फिरविण्याची सोयही या वाद्यात आहे. रागातील मुख्य स्वरवाक्ये याच वाद्यावर, हाताने वाजविलेली आहेत.

टीआर–८०८ (१९८०) मध्ये ढोल, झांज, टाळी इत्यादींचे मुद्रित ध्वनी नसतात. ते विद्युत् मंडलांतून निर्माण केले जातात. एका आवर्तनाच्या सोळा घरांपैकी कोणत्या घरात कोणता आघात पडावा हे वादक कळा दाबून आधी ठरवितो. मग यंत्र ते आवर्तन हवे तितके वेळा, लयीत तिळमात्र फरक न करता वाजविते.

टीबी–३०३ ची कथा विशेष आहे. बासवादक उपलब्ध नसताना एकट्या गिटारवादकाला सराव करता यावा, या हेतूने ते तयार करण्यात आले. त्यात एकच आंदोलक व एक छानक असून स्वरांची आकृती आधी भरून ठेवावी लागते. ही पद्धत किचकट होती आणि त्याचा नाद खऱ्या बास गिटारीसारखा मुळीच नव्हता. त्यामुळे ते यंत्र अपयशी ठरले व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. तथापि त्याच्यात दोन गुण होते. छानकाची कळ फिरवली की तोच स्वर कधी बंद ओठांतून आल्यासारखा, तर कधी चिरकत्या आवाजात उमटे. दुसरे म्हणजे, निवडलेल्या ठिकाणी एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यात होती. भारतीय वादकाच्या कानाला ही घसरण परिचित वाटावी हे स्वाभाविक होते.

राग व त्यांची मांडणी : ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूस भैरव, ललत, भूपाळी, तोडी व मधुवंती आणि दुसऱ्या बाजूस मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे राग आहेत. प्रत्येकाचा कालावधी सुमारे पाच मिनिटांचा आहे. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. भूपाळीत मध्यम व निषाद, तर मालकंसात ऋषभ व पंचम वर्ज्य आहेत. बैरागीत षड्‌ज, कोमल ऋषभ, मध्यम, पंचम व कोमल निषाद एवढेच स्वर आहेत. कलावती मूळ कर्नाटक पद्धतीतून आलेला पाच स्वरांचा राग होय. पाच स्वरांच्या रागांत स्वरांतरे मोठी व ठळक असतात. त्यामुळे मींड किंवा सूक्ष्म श्रुतिभेद नसले, तरी त्यांचे रूप काही प्रमाणात ओळखू येते. याउलट दोन मध्यम शेजारी ठेवून पंचम वगळणारा ललत आणि कोमल ऋषभ, गांधार, धैवत व तीव्र मध्यम घेणारा तोडी हे कठीण राग आहेत. त्यांचाही समावेश करण्यात कलावंताचे धाडस दिसते. पहाटेचा ललत, सकाळचा भैरव, दिवसाच्या दुसऱ्या प्रहरीचा तोडी, तिसऱ्या प्रहरानंतरचा मधुवंती, सायंकाळचा यमन, मध्यरात्रीचा मालकंस आणि वर्षा ऋतूतील मेघमल्हार, अशी काळाचीही विविधता येथे आहे.

मांडणीचा साचा सर्वत्र साधारणपणे सारखा आहे. आरंभी मोकळ्या स्वरांनी रागाची अल्प सूचना मिळते. मग ठेका सुरू होतो व शेवटपर्यंत थांबत नाही. मंद्र सप्तकातील आकृती सतत फिरत राहते. पाश्चात्त्य डिस्को गीतात स्वरमेळ ठराविक अंतराने बदलतात व त्यानुसार मंद्र आकृतीही जागा बदलते. येथे मात्र ती रागाच्या स्वरांत व षड्‌जाच्या आधारानेच राहते. तानपुऱ्याचे आधारस्वर देण्याचे काम अशा रीतीने काही अंशी तिच्याकडे आले आहे. तिच्यावर जुपिटरच्या स्वरात रागवाचक वाक्ये, छोट्या ताना व पुनरावृत्त लकेरी येतात. राग हे स्वरमेळाच्या चौकटीत बसविलेले गीत नव्हे, याचे भान कलावंताने सोडलेले नाही. डिस्कोचा ठेका घेऊनही ही ध्वनिमुद्रिका चित्रपटातील डिस्को गीतांपासून दूर राहते ती मुख्यतः यामुळे.

राग व यंत्र : या प्रयोगाने उपस्थित केलेले प्रश्न तीन प्रकारचे आहेत. पहिला प्रश्न स्वरस्थानांचा. संश्लेषकाच्या कळफलकावर सप्तकाचे बारा समान भाग असतात. एका भागास १०० सेंट हे मूल्य दिल्यास शुद्ध गांधार षड्‌जापासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या नादात आपोआप ऐकू येणारा गांधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. यमन किंवा भूपाळी गाणारा गायक या दुसऱ्या गांधारावर विसावतो. तोडीचा गांधार अतिकोमल, म्हणजे कळफलकावरील कोमल गांधाराहूनही उतरलेला, मानला जातो. पाच मिनिटे वेगाने वाजविलेल्या संगीतात हा फरक कानावरून निसटून जातो. विलंबित आलापीत मात्र तो लपला नसता.

दुसरा प्रश्न स्वरांच्या चलनाचा. भैरवातील ऋषभ व धैवत नुसते कोमल असून भागत नाही. त्यांवर मंद आंदोलन असावे लागते. आंदोलनाविना तेच स्वर वाजविल्यास भैरवाचा सांगाडा राहतो, प्रकृती राहत नाही. टीबी–३०३ मधील घसरण ही मींडेची आठवण करून देते, पण ती मींड नव्हे. यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर ठरलेल्या वेळात, ठरलेल्या वेगाने जाते. गायक वाटेत एखाद्या कणस्वराला स्पर्श करतो, रेंगाळतो, क्वचित परत फिरतो. हे प्रत्येक वेळी निराळे घडते. चरणजित सिंग हवाईयन गिटारीचे वादक होते. तारेवर धातूची पट्टी सरकवून अखंड स्वर काढण्याची त्यांची सवय जुनी होती. त्यामुळे जुपिटरवरील त्यांच्या वादनात घसरत्या स्वरांकडे कल आढळतो. यंत्राच्या मर्यादेत राहून गायकी अंगाच्या जवळ जाण्याचा हा प्रयत्न होय.

तिसरा प्रश्न तालाचा. टीआर–८०८ मध्ये सोळा घरे आहेत आणि त्रितालात सोळा मात्रा आहेत. पण हे साम्य केवळ आकड्यांचे आहे. त्रितालातील नवव्या मात्रेवर खाली येते. तेथे डग्ग्याचा घुमारा थांबतो व आवर्तन कोठे पोहोचले हे श्रोत्याला कळते. समेकडे परतण्याची ओढ त्यातूनच निर्माण होते. डिस्को ठेक्यात दर चौथ्या घरावर ढोलाचा सारखाच आघात पडतो. त्यास खाली नाही व म्हणून खऱ्या अर्थाने समही नाही. विलंबितापासून द्रुतापर्यंत लय वाढविण्याची क्रियाही येथे संभवत नाही. रागविस्ताराला तालाकडून मिळणारी उत्कंठा अशा रीतीने नाहीशी होते. तिची जागा पुनरावृत्तीतून येणारी गुंगी घेते. ही गुंगी नृत्यसंगीताचा प्राण आहे. ख्यालाच्या मैफलीचे ते ध्येय नसते. भजनात व जागरण–गोंधळात अखंड ठेक्याने येणारी तल्लीनता मात्र मराठी श्रोत्याला अपरिचित नाही.

हार्मोनियमचा दाखला : यंत्रावर राग वाजविण्याविषयीचा वाद भारतात नवा नाही. हार्मोनियमच्या बाबतीत तो महाराष्ट्रात विशेष गाजला. यूरोपातून आलेल्या या पेटीत स्वर स्थिर असतात, मींड निघत नाही आणि श्रुती बसत नाहीत, असे आक्षेप होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करविली, ती या आक्षेपांच्या निराकरणासाठीच. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली व १९७१ मध्ये ती अंशतः शिथिल केली. दरम्यान मराठी रंगभूमीने पेटी आपलीशी केली होती. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर आदी वादकांनी गायकाच्या गळ्याबरोबर चालणारी साथ तीतून काढली. खेडोपाड्यांतील भजनी मंडळांत तर पेटीशिवाय भजनाची कल्पनाच करवत नाही. यावरून असे दिसते की, वाद्याची मर्यादा दूर झाल्यामुळे पेटी स्वीकारली गेली नाही. ती मर्यादा ओळखून तिच्याभोवती वाजविणाऱ्या वादकांची परंपरा निर्माण झाली, म्हणून ती स्वीकारली गेली.

संश्लेषकाला रागसंगीतात अशी परंपरा लाभली नाही. बंगलोर येथे १९७९ च्या सुमारास जी. राज नारायण यांनी तयार केलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा गायकांनी लवकर आपलासा केला, कारण तो आधारस्वर देण्यापुरता मर्यादित होता. रागाचे मुख्य विधान यंत्राने करावे, ही कल्पना मात्र मैफलीत रुजली नाही. १९८२ च्या प्रयोगाला भारतात अनुयायी मिळाले नाहीत. तो एका व्यक्तीचा, एका ध्वनिमुद्रिकेपुरता प्रयोग राहिला.

विस्मरण व पुनःशोध : ध्वनिमुद्रिकेची विक्री अल्प झाली. रागसंगीताच्या श्रोत्यास तीत राग अपुरा वाटला असावा, आणि नृत्यासाठी डिस्को ऐकणाऱ्यास तीत गीत व गायिका नव्हती. चरणजित सिंग पुन्हा धुनी व कार्यक्रमांकडे वळले. याच सुमारास एका वादकाने यंत्रांच्या साहाय्याने अनेकांचे काम करण्याची पद्धत चित्रपटसंगीतात शिरू लागली. १९९० नंतर संगणकावर रचना बांधण्याची रीत आली, तेव्हा मोठे वाद्यवृंद मोडत गेले आणि चरणजित सिंग ज्या वादकवर्गातील होते त्या वर्गाचे काम ओसरले. एकट्याने तीन यंत्रांवर केलेली ही ध्वनिमुद्रिका त्या बदलाची आगाऊ खूण होती असे आज म्हणता येते.

एडो बौमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत या ध्वनिमुद्रिकेची एक जुनी प्रत मिळाली. त्याने पुढे मुंबईत चरणजित सिंग यांचा शोध घेतला आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित केली. तिला यूरोप–अमेरिकेत मोठा श्रोतृवर्ग मिळाला. सत्तरी ओलांडलेल्या वादकाने नंतरच्या वर्षांत यूरोपातील मंचांवर, तीस वर्षांपूर्वीच्याच यंत्रांवर हे राग पुन्हा वाजविले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

अग्रतेचा प्रश्न : पुनःप्रकाशनानंतर या ध्वनिमुद्रिकेस ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीत प्रकाराची जननी म्हणण्याची प्रथा पडली. हा प्रकार अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आला. फ्यूचर या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ (१९८७) ही त्यातील आद्य रचना मानली जाते. टीबी–३०३ अपयशी ठरल्यावर ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले व शिकागोच्या तरुण कृष्णवर्णीय संगीतकारांच्या हाती आले. त्यांनी त्यात एक आकृती भरून ती फिरत असतानाच छानकाच्या कळा फिरविल्या. त्यातून त्या प्रकाराचा विशिष्ट नाद जन्मास आला. मुंबईतील ध्वनिमुद्रिका त्याआधी पाच वर्षांची आहे आणि दोन्हींच्या नादात आश्चर्यकारक साम्य आहे. परंतु शिकागोच्या संगीतकारांनी ती ऐकली होती असा पुरावा नाही. साम्याचे कारण समान यंत्रांत शोधावे लागते. शिवाय दोन्हींत तात्त्विक फरक आहे. शिकागोच्या रचनेत मंद्र आकृती हाच संगीताचा विषय असून तिच्या रंगाचे रूपांतर ऐकावयाचे असते. चरणजित सिंग यांच्या रचनेत ती आकृती पाठराखण करते व विषय वरच्या स्वरवाक्यांत, म्हणजे रागात असतो. तेव्हा जनकत्वाचा दावा टिकत नाही. एकाच साधनातून दोन दूरच्या ठिकाणी स्वतंत्रपणे समान नाद निघाला, एवढेच म्हणणे रास्त होय.

मूल्यमापन : रागसंगीताच्या कसोटीवर ही ध्वनिमुद्रिका उणी पडते. तीत श्रुतिभेद नाहीत, आंदोलन नाही, विस्तार नाही व तालाचे आवर्तन नाही. परंतु एवढे सारे वजा जाऊनही मालकंस हा मालकंस म्हणून व कलावती ही कलावती म्हणून ओळखू येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. वर्ज्यावर्ज्य स्वर, न्यासाच्या जागा व पुनःपुन्हा येणारी रागवाचक वाक्ये यांत रागाची ओळख किती भक्कम असते, हे येथे दिसून येते. जे हरवते त्यातून कलावंताच्या गळ्याचे व हाताचे कार्य कोठे सुरू होते हेही कळते. रागाचा हा विभाग एरव्ही ग्रंथांतून शब्दांनी समजावून द्यावा लागतो. येथे तो कानांनी ऐकता येतो.

ऐतिहासिक दृष्टीनेही ही ध्वनिमुद्रिका एक इशारा आहे. भारतात प्रकाशित झालेली भारतीय कलावंताची कृती भारतीय संग्रहांनी, समीक्षकांनी वा विद्यापीठांनी नव्हे, तर एका परदेशी छंदिष्टाने जुन्या तबकड्यांच्या ढिगातून वर काढली. चित्रपटसंगीताच्या काळातील वादकांची नावनिशीवार नोंद झाली असती, तर तिला अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले नसते. वेष्टनावर नाव नसलेल्या शेकडो वादकांपैकी एकाचे नाव या एका ध्वनिमुद्रिकेमुळे टिकले. बाकीच्यांचे कार्य अद्यापि जुन्या गीतांच्या आरंभीच्या सुरांत निनावीच वाजत आहे.